मालननं लिहिलेला शेवट

मालन गेल्याचं मला तिच्या लेकीनं, पूजानं, फोनवर सांगितलं. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. ते दुःख माझं मी गिळलं असतं, त्यासाठी पेपरात लिहायला बसले नसते. पण काही दिवसांनी कामानिमित्त इंदापूरहून बारामतीला निघाले होते, तर मालनच्या माहेराजवळ, जळोचीपाशी, रस्त्याच्या कडेला तिचा भलामोठा फ्लेक्स. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर कुठल्यातरी लग्नातलं हसू, आणि खाली लिहिलेलं, 'माझा भाऊच माझा वाटा - कै. मालनताई'. त्याच्याखाली तिचे थोरले भाऊ संपतराव, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, हात जोडून उभे. बहिणीच्या स्मरणार्थ ते उन्हाळी लेखन-नाट्य शिबिर भरवणार आहेत आणि समारोपाला तिनंच लिहिलेलं नाटक करणार आहेत, असंही त्यावर होतं. मी एसटीत बसल्या बसल्या मोठ्यानं म्हणाले, "खोटं हाय ह्ये." शेजारची बाई माझ्याकडं बघून जरा सरकून बसली.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मालनबद्दल वाईट बोलावं असं माझ्याकडं काही नाहीच. जी जिवंत आहेत त्यांच्याबद्दल असा काही नियम मी ऐकलेला नाही.

इंदापुरात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाप गेला की भाऊ बहिणींना गाडीत घालून कचेरीत आणतात, ते मी रोज बघते. हक्कसोड म्हणतात त्याला. बहिणीनं जमिनीतला आपला वाटा सोडला असं लिहून द्यायचं, बदल्यात भाऊ साडी घेतो, रसवंतीवर रस पाजतो, आणि दिवाळीला दार उघडं राहतं. मालन याच गर्दीत मला भेटली. तिची सासुरवाडी इंदापूरजवळच. कुणातरी नणंदेबरोबर आली होती. त्या नणंदेला काउंटरपाशी काय मागायचं ते सुचेना, तर हीच मागून हळूच म्हणाली, "आधारच्या दोन परती म्हण." मालनची ही खोडच होती. समोरचा अडला की हिला राहवत नसे. लग्नात नवरी उखाण्यात अडली की मागून मालन. ग्रामसभेत एखादी बाई उभी राहून गप्प झाली की मागून मालन. मी तिला म्हणायचे, "बये, जरा दम खाऊ दे की माणसाला." ती म्हणायची, "दम खाऊ दिला की त्यो खालीच बसतोय, शारदे."

तिचे वडील गेले त्या साली तात्यांनी जळोचीच्या शेतावर पहिलं शिबिर भरवलं. पुण्याचे एक नाटकवाले सर आणले. तात्यांना कलेची आवड होती हे मी नाकारत नाही. पण त्याच वावरांच्या कडेनं तेव्हा प्लॉट पडायला लागले होते आणि मालननं अजून हक्कसोडीवर सही केली नव्हती. "माहेरपणाला ये, शिबिर बी कर," असा प्रेमाचा निरोप आला. कागद तयार होतेच, हे तिला जेवताना भावजयीकडून कळलं. मीही तिच्याबरोबर गेले होते, दुकान नवऱ्यावर टाकून. खरं सांगते, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा होता. सकाळी चिंचेखाली बसून लिहायचं, दुपारी उन्हाच्या तडाख्यात शेडमध्ये आडवं व्हायचं, ऊन उतरलं की तालीम. चाळिशीतल्या बायका आम्ही, मांडीवर पाटी घेतल्यासारखं पॅड घेऊन बसायचो आणि एकमेकींचं वाचून हसायचो. सर रोज सांगायचे, "जगलात तेच लिहा. खोटं एक अक्षर नको." मालननं तेच केलं. भाऊ बहिणीपुढं कागद ठेवतो आणि म्हणतो, "सही केलीस तर ह्ये घर तुझं. न्हाय केलीस तर ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय." बहीण पेन उचलते, परत ठेवते आणि म्हणते, "बाप गेला तवाच माझं माहेर गेलं. आता राहिलाय त्यो वाटा. त्यो दे." झालं नाटक. तिनं ते चिंचेखाली वाचून दाखवलं. सरांचे डोळे भरून आले होते, मी स्वतः पाहिलं.

संध्याकाळी सर तात्यांच्या ओसरीवर चहाला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवट बदलून आले. आता बहीण सही करणार, भावाला ओवाळणार आणि म्हणणार, "माझा भाऊच माझा वाटा." मालननं विचारलं, "सर, ह्ये कोण जगलंय?" सर म्हणाले, "प्रेक्षकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे, मालनताई." ज्यांच्या घरचं जेवतोय त्यांना बरं वाटलं पाहिजे, असं सरळ म्हणाले असते तर मी त्यांना निदान प्रामाणिक तरी म्हटलं असतं. खाल्ल्या मिठाला जागले बिचारे, फक्त नाटक दुसरीचं होतं. मालन भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मला प्रॉम्प्टिंग द्या. मला तेवढंच येतंय."

बहिणीचं काम माझ्याकडं होतं. भावाचं काम दूध डेअरीवरच्या भगवानकडं. भगवानचा आवाज घंटेसारखा, पण पाठांतराच्या नावानं शंख. विंगेतून जे ऐकू येईल ते तो तसंच्या तसं, डोळे मिटून ठोकून द्यायचा. एकदा तालमीत मालन त्याला "मागं सर की मुडद्या" म्हणाली, तर तेही त्यानं माझ्याकडं बघून खणखणीत म्हटलं होतं. प्रयोगाला अख्खी जळोची लोटली. तात्या पहिल्या रांगेत, गळ्यात हार. शेवटचा प्रसंग आला. बदललेल्या नाटकात भावानं म्हणायचं होतं, "ताई, तुझ्या मनात असलं तरच कर." भगवान अडला. विंगेतून मालनचा आवाज आला... शांत, अजिबात घाई नसलेला. आणि भगवाननं छाती फुगवून अख्ख्या गावापुढं ते वाक्य टाकलं, "न्हाय केलीस तर ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय!"

तात्यांच्याच ओसरीवर तात्यांनीच म्हटलेलं वाक्य होतं ते. गावाला ठाऊक होतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आता गं बया, ह्ये तर संपतचंच बोलनं." मी विंगेकडं पाहिलं. मालननं मला काहीच सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या मदतीला धावली नाही. मी पेन खाली ठेवलं आणि तिनं लिहिलेला शेवट म्हटला. टाळ्या बायकांच्या बाजूनं सुरू झाल्या. तात्या हार काढून खुर्चीवर ठेवून निघून गेले, आणि इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मालननं सही केली नाही, ती शेवटपर्यंत. त्याची वसुली तात्यांनी केली. दिवाळीचं बोलावणं बंद झालं. आई वारली तर मालनला निरोप तिसऱ्या दिवशी, राख सावडल्यावर. ती माझ्या दुकानात येऊन खाली बसली आणि म्हणाली, "तोंड तर दावायचं व्हतं गं..." त्या दिवशी मला तिला पुढचं वाक्य देता आलं नाही. तात्या, मी ते विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. तुम्ही माफी मागितलीत तरी माझ्याकडं द्यायला ती नाही. जिच्याकडं होती तिला तुम्ही दवाखान्यातही बघायला आला नाहीत.

दवाखान्यात मी होते. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर तिच्यापुढं उभे होते, "मालनताई, यात थोडंसं..." म्हणून थांबले. वयानं लहान होते बिचारे. मालन म्हणाली, "पसरलाय म्हणा डॉक्टर. फुडं बोला." डॉक्टरांनी तिच्यामागून तसंच म्हटलं.

मालननं वाट्यासाठी कोर्टात घातलेली जमिनीची केस आता पूजा चालवते. आणि आता पूजाला सांगितलं जातंय, की बाळा, तुझ्या आईची इच्छाच होती, तिनंच लिहिलंय, 'माझा भाऊच माझा वाटा'. तू सही कर आणि मामाच्या घराचं दार उघडं करून घे. त्यासाठी तो फ्लेक्स आहे, त्यासाठी ते शिबिर आणि ते नाटक. जी जिवंतपणी वाकली नाही तिला मेल्यावर वाकवायचं आणि तेही तिच्याच नावानं. पूजा परवा माझ्याकडं येऊन विचारत होती, "मावशी, आईनं खरंच असं लिहिलं व्हतं का गं?" पोरीनं आईबद्दल असं विचारावं, ही वेळ तुम्ही आणलीत. म्हणून मालनचं वाक्य वर तिच्याच शब्दांत छापायला दिलंय. आता नाटक रद्द केलंत तर का केलं ते लोकांना कळेल. आणि नाटक केलंत तर वाचकांनी जरूर जावं.

भावाचं काम याही वेळी भगवानच करतोय. चार दिवसांपूर्वी तो त्याच्या संवादांचे कागद घेऊन मुद्दाम इंदापूरला माझ्याकडं झेरॉक्सला आला होता. काउंटरवर कागद ठेवून म्हणाला, "अक्का, मला ह्यो नवा शेवट पाठच हुत न्हाय. मालनताईचाच तोंडात बसलाय. काय करू?" त्याला विचारूनच हे लिहितेय. "लिवा की," म्हणाला, "मी काय भितो व्हय?"

मी त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढून दिली. शेवटचं पान तेवढं माझ्याकडं ठेवून घेतलं.