गार टायर

पोंगलनंतरच्या थंडीत एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसून मी पापनाशमहून तंजावरला गेले. तेव्हा गावोगावी नव्या मोटारसायकली दिसू लागल्या होत्या. मुलगी तिथल्या इस्पितळात बाळंतपणात अडली होती आणि सकाळची बस आलीच नाही, नाहीतर मी असल्या गाडीवर कशाला बसले असते?

निघण्याआधी, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा त्याने टायरला हात लावला. "गार आहे, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. "तापेपर्यंत वळणावर रस्ता धरत नाही. हळू जाऊ."

"मुलगी तिकडे ओरडतेय आणि तुला टायर तापवायचाय?"

"पडलो तर तिच्या शेजारची खाट तुम्हाला लागेल."

मी लुगडं सावरून एका बाजूला बसले. पहिल्याच वळणावर लोकांनी भाताच्या पेंढ्या अंथरल्या होत्या, गाड्यांच्या चाकांखाली मळणी व्हावी म्हणून. त्या दवाने ओल्या होत्या. गाडी कलली तशी मी घाबरून उलट्या बाजूला झुकले आणि मागचं चाक सरकलं. मला देवाचं नावही आठवेना.

"मी कलतो तशा कला!" तो ओरडला. मी त्याच्या पाठीला चिकटले. चाक सावरलं. पुढे प्रत्येक वळणाआधी तो शांत आवाजात सांगत राहिला, "आता कला, अम्मा."

इस्पितळाच्या दारात आया म्हणाली, मुलगी ठीक आहे, अजून वेळ आहे. मी वळून पाहिलं. तो गाडीवरच बसून होता आणि त्याची बोटं हँडलवरून सुटत नव्हती. तोही माझ्याइतकाच घाबरला होता. वाटेत हे कळलं असतं तर मी चालत्या गाडीवरून उडी टाकली असती.