गाडीला गिअर शिकवणारा अविनाश

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. ऑटोमॅटिक गाडीने गिअर कधी बदलायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही मेलबर्नमध्ये बसून लिहितो. आणि लिहिणाऱ्यांत आमचा अविनाश आहे. पुण्याचा! मी वसईची, मला काय, मी बघत बसते.

* * *

एकदा याच्या ऑटोमॅटिक गाडीतून मेलबर्नजवळच्या वेरिबीला निघालो. सिग्नल आला की न्यूट्रल, उतार लागला की न्यूट्रल, चढ आला तरी हाताने टॉप गिअरच धरून ठेवलेला. का रे बाबा? तर म्हणे पेट्रोल वाचतं. ज्या सॉफ्टवेअरवर याचं घर चालतं, त्यालाच हा रस्ताभर सुट्टी देत होता.

* * *

त्यात ऑटोमॅटिकला क्लचच नसतो, तरी याचा डावा पाय अजून क्लच शोधतो. तिथे सापडतो ब्रेक. परवा राउंडअबाउटला साहेबांनी असाच क्लच दाबला आणि माझी कॉफी माझ्याच मांडीवर. सॉरी म्हणेल तर शपथ! वर मलाच ऐकवलं, "ब्रेक जरा शार्पच आहे."

* * *

त्याची लेक सई गाडी शिकत होती. शेजारी बसून बापाचं लेक्चर सुरू, कुठे थर्ड हवा, कुठे फोर्थ. ती वैतागून म्हणाली, "बाबा, द कार डज इट."

"मी शिकवलं म्हणून करते!"

दुसऱ्या दिवसापासून सई आईबरोबर जाऊ लागली.

* * *

आणि आता टीम लीडच्या पोस्टचं. अविनाश त्यासाठी जीव टाकत होता. त्याचं नवीन सॉफ्टवेअर ड्रायव्हरची सवय बघून शिकायचं आणि तसेच गिअर बदलायचं. डेमो बिघडू नये म्हणून टेस्टची गाडी त्याने कुणालाच दिली नाही, महिनाभर स्वतःच चालवली. हे त्याने मॅनेजर हेलनला छाती फुगवून सांगितलंही.

डेमोला हेलन स्वतः चालवायला बसली, आम्ही दोघं मागे. फ्रीवेच्या चढावर तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी टॉप गिअर सोडेना. पेट्रोल वाचवत, कण्हत, बैलगाडीसारखी वर निघाली. मागे ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. माझ्या शेजारी अविनाशचा डावा पाय क्लच दाबत होता.

हेलनने कशीबशी गाडी बाजूला घेतली. पण बाई भली. तिनेच वाट काढून दिली. म्हणाली, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर शिकलंय, गाडी तुझ्यासारखीच चालतेय, हो ना?

नुसतं हो म्हणायचं होतं. पोस्ट खिशात होती. मी कोपराने ढोसलंसुद्धा.

अविनाश ताठ बसला. "नाही हेलन," तो म्हणाला, "सॉफ्टवेअरच गंडलंय."