डायलिसिसच्या वॉर्डातला धबधबा

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी मानवतला एका आडत दुकानाच्या शटरवर ‘कापूस खरेदी’ लिहीत होतो. शेवटचं अक्षर राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, “पेंटर, तुमचा धबधबा पुसावा लागेल.”

मला वाटलं, भिंतीला ओल आली असणार. ओल आली की रंगाचे पापुद्रे सुटतात आणि लोक पेंटरच्या नावानं खडे फोडतात. म्हटलं, बिल्डरला विचारा. तर म्हणाले, भिंत ठणठणीत आहे आणि चित्रही ठणठणीत आहे. पण त्या चित्रामुळं एका बाईनं यायचं बंद केलंय, आणि तिनं न येऊन चालणार नाही.

मी तडकलोच. चित्र बघून दवाखाना सोडणारं माणूस मी अजून पाहिलेलं नव्हतं. तरी शटर पूर्ण करून संध्याकाळच्या एसटीनं परभणीला परतलो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी जुना बोर्ड पेंटर. फ्लेक्स आला आणि आमचा अक्षरांचा धंदा बसला. उरल्या त्या शाळांच्या, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या भिंती. निसर्गाच्या चित्राला आमच्या लाइनीत ‘सीनरी’ म्हणतात. सीनरीची ऑर्डर देणारा माणूस काय मागणार हे मी त्याच्या गावावरून सांगू शकतो. आपल्याकडं डोंगर नाही, म्हणून डोंगर मागतात. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, पण परभणी जिल्ह्यात ट्रकभर बर्फ काढून ठेवलाय. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथून धबधब्याची ऑर्डर हमखास येते. आपलं शिवार काढा असं कुणी म्हणत नाही. ते रोज फुकट दिसतं, त्याला रंग कशाला घालवायचा?

त्यामुळं डॉक्टरांनी डायलिसिसच्या वॉर्डात धबधबा सांगितला तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. पेशंटला शांत वाटेल, असा त्यांचा हिशोब. मीही जीव ओतला. उडणारे तुषार काढायला टूथब्रश पांढऱ्या रंगात बुडवून अंगठ्यानं शिंपडतात, तसे शिंपडले. पाणी ओलं दिसलं पाहिजे, हा माझा हट्ट. ते इतकं ओलं दिसलं की झाडूवाल्या मावशींनी खाली फरशी पुसून बघितली.

वॉर्डात गेलो तर तिथल्या सिस्टरनं मला एका रिकाम्या बेडवर झोपायला सांगितलं. झोपलो. मी चित्र उभ्यानं काढलं होतं आणि उभ्यानंच बघितलं होतं. झोपून बघितल्यावर सगळा धबधबा थेट तोंडावर पडत होता.

मग सिस्टरनं समजावून सांगितलं. किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करतात, त्याला डायलिसिस म्हणायचं. आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, दर वेळी चार तास पडून राहायचं. या लोकांना लघवी जवळजवळ होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, छातीत भरलं तर जीव जातो. म्हणून पाणी मापानंच प्यायचं. घशाला कोरड पडली की ओठ ओले करायचे आणि गप्प बसायचं.

“आणि तुम्ही त्यांच्यासमोर एवढं पाणी सोडलंत,” सिस्टर म्हणाली.

मी सोडलं नाही, डॉक्टरांनी सोडायला लावलं, असं म्हणणार होतो. पण डॉक्टर मागंच उभे होते आणि तेच हसून म्हणाले, “आम्ही दोघांनी मिळून सोडलं.” हसले खरे, पण चेहरा उतरलेला होता. न येणारी बाई म्हणजे गयाबाई. राणीसावरगावाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आधी तिनं बेड बदलून मागितला, पण सगळे बेड त्याच भिंतीकडं तोंड करून. मग डोळ्यांवर पदर घेऊन पडून राहायला लागली. आता डायलिसिसच्या दोन पाळ्यांना ती आलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, तिसरी चुकली तर मी काही सांगू शकत नाही.

रविवारी वॉर्ड बंद असतो. त्या दिवशी मी माझ्या हातानं धबधब्यावर प्रायमर फिरवला. प्रायमर म्हणजे रंगाखालचा पांढरा थर. निळा रंग मोठा हट्टी असतो, एका हातात, म्हणजे एका थरात, झाकला जात नाही. पुन्हा पुन्हा वर येत होता आणि मी पुन्हा पुन्हा दाबत होतो. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. दुपारी सिस्टरनं गयाबाईच्या सुनेला फोन करून सांगितलं की भिंत कोरी केलीय, उद्या घेऊन या.

सोमवारी ती आली. पाय सुजून चप्पल हातात, सुनेच्या खांद्यावर भार, बोलताना धाप. सगळे तिच्याभोवती धावले. मशीन लागलं, पाणी निघायला लागलं, तास-दोन तासांनी ती जरा माणसात आली. मी कोपऱ्यात रंगाचे डबे घेऊन उभा होतो. मी कोण ते सुनेनं सांगितलं असावं. गयाबाईनं मला हातानं जवळ बोलावलं. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो.

“भाऊ, तुमचं चितर वाईट नव्हतं,” ती म्हणाली. “लय खरं व्हतं. म्हनून तर बगवना.”

माझ्या कामाला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद, आणि ती मिळाली तेव्हा काम पुसून झालेलं होतं. माझा राग तिथंच गेला. मी विचारलं, मग आता काय काढू? भिंत पांढरी ठेवू का?

ती म्हणाली, पांढरी नको, पांढऱ्या भिंतीकडं बघून माणसाला आपलाच विचार येतो. “रान काढा. पिकाचं.”

शेजारच्या बेडवर वालूरचे दिगंबरराव होते, मोठे जमीनदार. ते म्हणाले, पिकाचं म्हणजे जवारीच. पौषातली, कणीस बाहेर पडलेली.

“जवारीच कामून?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“तिला वरून पानी लागत न्हाई. जमिनीत असंल तेवढ्या वलीवर येती. आमच्यावानीच हाय ती, थोडक्यात भागवनारी.”

मी खिशातून पेन्सिल काढली. माणूस सीनरीत आपल्याकडं नसलेलं मागतो, हा माझा इतक्या वर्षांचा आडाखा. या लोकांकडं नव्हतं ते पाणी, आणि तेच त्यांना नको होतं. त्यांनी मागितलं ते आजार लागल्यापासून ज्याच्या बांधावर जाणं सुटलं होतं, ते रान.

पेशंट असताना रंगाचा वास नको, म्हणून काम रविवारीच चालायचं. म्हणजे दर आठवड्याला चित्र थोडं पुढं सरकलेलं दिसायचं आणि उरलेले दिवस त्यावर चर्चा, मीही ती ऐकायला मधे मधे जायचो. आधी काळी जमीन भरली. मग गेरूत भिजवलेला दोरा ताणून सोडला की भिंतीवर सरळ रेघ उठते, तशा रेघा मारून पिकाच्या ओळींची तासं पाडली. दिगंबररावांनी झोपल्या झोपल्या हुकूम सोडला, वरच्या अंगाला आपली विहीर घ्या. सगळा वॉर्ड एका आवाजात नको म्हणाला. तेव्हा काय मागितलं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते स्वतःच हसायला लागले.

खरं भांडण मेंढरांवरून झालं. गयाबाई म्हणाली, रान हाय तर मेंढरं पायजेत. दिगंबरराव उठूनच बसले. उभ्या जवारीत मेंढरं? त्यांच्या शेतात पूर्वी कुणाची तरी शिरली होती, तो सगळा इतिहास त्यांनी काढला. गयाबाई म्हणाली, “मालक, पीक निघाल्यावर आमचीच मेंढरं रानात बसवून घेता न्हवं तुमी खतासाठी? तवा गोड लागत्यात.” हात हलल्यानं दोघांच्या मशीनचे अलार्म वाजायला लागले. सिस्टरनं दोघांना दम दिला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मेंढरं मीच पाळली होती.

मी बांध जरा रुंद केला. बांधाच्या पलीकडं गायरानाचा पट्टा घेतला आणि मेंढरं तिथं सोडली, तोंडं पिकाच्या उलट दिशेला. दिगंबररावांनी पुढच्या पाळीला एकेका मेंढराचं तोंड तपासलं आणि म्हणाले, चालतंय. गयाबाई म्हणाली, एक मेंढरू तरी माघारी वळून बघनारच. दोघांना विचारून एकाची मान थोडी वळवली.

शेवटच्या रविवारी कणसं केली. लांबून पीक म्हणजे नुसता रंगाचा पट्टा, पण पुढच्या ओळीत दाणा दिसावा लागतो. त्यासाठी स्पंजचा तुकडा फिकट पिवळ्यात बुडवून टिपायचा. आभाळ कोरडं, थंडीतलं ठेवलं. ढग मुद्दाम टाळला.

सोमवारी राहिलेले डबे आणि त्यात भिजत ठेवलेले ब्रश न्यायला गेलो तेव्हा गयाबाईला मशीन लागलेलं होतं. पदर खांद्यावर, डोळे भिंतीवर. त्या दिवसानंतर तिनं एकही पाळी चुकवली नव्हती, पण ती खात काही नव्हती. या आजारात तोंडाची चव जाते, अंगातली ताकद जाते, आणि डॉक्टरांना तिच्याबद्दल आता हीच काळजी होती. बराच वेळ बघून ती सुनेला म्हणाली, “भाकर हाय का गं पिशवीत? हे बगून भूक लागायलीय.”

सून आधी सिस्टरकडं बघायला लागली, सिस्टर डॉक्टरांकडं. डॉक्टर म्हणाले, अर्धी चालेल. आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “पेंटर, भूक लागली म्हणाली ती. ऐकलं ना तुम्ही?” मी मान हलवली.

तेव्हापासून सीनरीची ऑर्डर घेताना मी दोन गोष्टी करतो. समोर कोण बसणार ते विचारतो, आणि तो जिथं बसणार तिथं आधी स्वतः बसून बघतो. काही मालकांना वाटतं, पेंटरचं डोकं फिरलंय. वाटू दे.

त्या दिवशी गयाबाई एका हातानं भाकरी खात होती, दुसऱ्या हातात सुई होती म्हणून सून तुकडे करून देत होती. माझं काम संपलं होतं, ब्रश तेवढे धुवायचे होते. वॉर्डातच बेसिन होतं. मी नळाला हात लावला, पण त्यांच्यासमोर पाणी सोडलं नाही. डबे उचलले आणि बाहेर जाऊन, पार दवाखान्याच्या मागच्या अंगाला, ब्रश धुतले.