तुटला कसा, ते आधी सांगा

इंजिनात तुटून अडकलेले बोल्ट काढायचे, एवढंच काम त्यानं चाळीस वर्षं केलं. दुकानाला पाटी नव्हती. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो 'सावकाश' एवढंच म्हणायचा, म्हणून नावही तेच पडलं. त्याची बायको सांगायची, लग्नाला हो म्हणायलाही यांनी वर्ष लावलं.

त्याची अट एकच. ज्याच्या हातून बोल्ट तुटला, त्यानंच यायचं. जोर कुठल्या बाजूला लावला, आत काय घातलं, हे त्या हातालाच ठाऊक. गॅरेजवाले कुरकुरत यायचे, पण यायचे.

माझ्या लेकीच्या टेम्पोचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, आम्ही दोघांनी धरून त्याच्याकडे नेलं. त्या टेम्पोवर ती बेकरीचा माल पोचवायची. गाडी तीन दिवस बंद होती, उद्यापासून बेकरीवाला दुसरी गाडी बघणार होता. नवं हेड यायला महिना लागला असता.

बोल्ट गंजून आपोआप तुटला, असं मी तिला सांगितलं होतं. खरं तर ती नको म्हणत असताना मीच पान्यावर जोर केला होता. तुटल्यावर गुपचूप त्याला भोक पाडलं आणि बोल्ट उलटा फिरवायची कडक पोलादी दांडी आत ठोकली. तीही आतच मोडली. मग वर ग्रीस लिंपलं आणि हात धुऊन आलो.

सावकाशनं विचारलं, कसा तुटला? लेक म्हणाली, गंजला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हेडकडे पाहत राहिलो. त्यानं ड्रिल उचललं.

त्या दांडीवरून ड्रिल घसरलं असतं आणि शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसलं असतं. हेड भंगारात, लेकीचं काम गेलं.

"थांबा," मी म्हणालो. "मी तोडलाय. आत दांडी मोडलीय, तीही मीच."

लेक माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकली.

सावकाशनं ड्रिल खाली ठेवलं. "ताई, इथं येणारा प्रत्येक बोल्ट आपोआपच तुटलेला असतो," तो म्हणाला. "ड्रिल लागायच्या आत बोलणारे थोडे."

मग त्यानं ग्रीस पुसलं, तुटक्या तोंडावर एक नट ठेवला आणि वेल्डिंगनं जोडून टाकला. निवू दिलं. कडेनं मेण सोडलं. पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे, असं दोन तास चाललं. मध्ये त्याच्या बायकोनं चहा आणला, तो निवून गेला. शेवटी बोल्ट दांडीसकट फिरत वर आला. आटे शाबूत होते.

हेड उचलताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही हलकी बाजू धरा."

राग गेला नव्हता, आवाजात होता. मी हलकी बाजू धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो माल घेऊन गेला.