भंडाऱ्याखालचा चट्टा

सोलापूरच्या डॉक्टरांनी आधी स्पिरिटच्या बोळ्यानं माझ्या गालावरचा भंडारा पुसला. मग चट्ट्यावर काचपट्टी दाबून बराच वेळ पाहिलं. कापून घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "ल्युपस व्हल्गॅरिस. म्हणजे कातडीचा क्षय. महारोग नाही."

सोबत सासूबाई होत्या. त्यांनी विचारलं, "मग लेकराला लागंल का, डाक्टर?"

"छातीचा फोटो साफ आहे. हा क्षय शिवल्यानं लागत नाही. लेकरू खुशाल आईजवळ द्या."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा तो व्हय ऐकूनच मला कळलं, पोरगी काही मिळत नाही.

आमचं तुळजापुरातलं पुजाऱ्यांचं घर. कानापाशी मसुरीएवढा लाल डाग आला तेव्हा तो देवीचा कोप ठरला आणि त्यावर रोज भंडारा, म्हणजे देवीची हळद, चोळायची असंही ठरलं. डाग दुखत नव्हता, खाजत नव्हता. पिवळ्या थराखाली तो वर्षभर पसरत जबड्यापर्यंत आला, कुणी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा सगळ्यांनी एकदम महारोग म्हटलं. माझी दीड वर्षाची सुमन सासूबाईंच्या खोलीत गेली आणि मी माडीवर.

तुमच्या अंगावर असा न दुखणारा, न हटणारा डाग असेल तर त्यावर काही थापत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

मग स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन्ही क्षयाचे जंतू मारणारी औषधं. इंजेक्शननं कानात भुणभुण व्हायची, चालताना तोल जायचा. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. खाली पोरगी हसली की मी जिन्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. डॉक्टरांवर विश्वास होता, तरी स्वतःच्या हातांची भीती वाटायची. सासूबाईंचा संताप यायचा, आणि पोरीला भरवत होत्या त्याही त्याच.

चट्टा विरला, पांढुरका वण राहिला. डॉक्टरांनी औषध थांबवलं, त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. त्या दिवशी मी थेट ओसरीवर येऊन बसले आणि हात पुढं केले. सुमन खांबाला धरून उभी राहिली. म्हणाली, "लांब बस."

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. असं बोलायला तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं. त्या उठल्या, पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "आई हाय ती तुजी," म्हणाल्या, "म्याच येडी."

सुमननं आकांत मांडला, मला बोचकारलं, आजीकडं हात पसरले. सासूबाई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या. मी सोडलं नाही. रडून दमून ती माझ्याच मांडीवर झोपली. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही.