आधी आडनाव, मग भाव

मुलाला त्याच्या दुकानासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. संगणकावर किंमत शोधायला बसला, तर पडद्यावर किंमत सोडून सगळं. आधी नाव लिहा, फोन लिहा, धंदा कोणता, हाताखाली माणसं किती, मग आमचा माणूस तुमच्याशी बोलेल. मुलगा भडकला. मला मात्र हसू आलं. माणूस पाहून भाव सांगायची ही विद्या मी फार वर्षांपूर्वी नागपूरच्या सदर भागात पाहून आले होते, आणि तिच्यावरचा उताराही तिथेच सापडला होता.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला, आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहत होतो. रोज बसचे धक्के खात नागपूरला जाऊन मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. कॉलनीतल्या बाकीच्या मुलींना घरून तेवढी मोकळीक नव्हती. म्हणून मी ठरवलं, क्लास इथेच काढायचा. कोराडी गावात खोली भाड्याने घेतली, टेबल आणलं, काही मुलींनी नावंही दिली. नव्हता तो फक्त टाइपरायटर. वडिलांनी बाजूला ठेवलेले पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "यातच बसव, बेटा." त्यात बसलं नाही तर क्लास गेला, खोली गेली, आणि मावशीने आणलेलं स्थळ दारात उभंच होतं. मला लग्नाचा राग नव्हता. क्लासशिवायच्या लग्नाचा होता.

सदरमध्ये जुने टाइपरायटर दुरुस्त करून विकणारं एक दुकान होतं. मशीनी पुसून लख्ख, ओळीने मांडलेल्या, पण एकीवरही किंमत नाही.

"ही मराठी मशीन केवढ्याची जी?" मी विचारलं.

मालक जिभेचा गोड. "बसा नं ताई. पाणी घ्या. कुठून आल्या?"

"कोराडीहून. मशीन केवढ्याची?"

"वीज केंद्रात साहेब आहे का वडील?"

"मशीन केवढ्याची?"

"सांगतो नं. घाई काहून करून राहिल्या? आडनाव काय तुमचं?"

आमच्याकडे आडनाव विचारणारा नुसतं नाव विचारत नसतो. आडनावावरून जात काढायची, बापाच्या नोकरीवरून ऐपत काढायची, आणि मग तोंडातून आकडा काढायचा. साहेबाच्या मुलीला एक, मास्तराला दुसरा, जातवाल्याला तिसरा. मी उठले आणि भाव न कळताच घरी परत आले. बसमध्ये रागाने माझे कान तापले होते.

"अशी कशी आली वं परत?" आई म्हणाली. "भाव इचाराले गेली होती का रुसाले?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सोबत निघाली.

दुकानात त्या दिवशी एका वकिलाचा कारकून रिबीन घ्यायला येऊन बसला होता. मालकाने आईलाही तेच विचारलं, आणि तिने बिनदिक्कत आडनाव सांगून टाकलं. आता आमच्या आडनावाची एक गंमत आहे. विदर्भात ते निरनिराळ्या समाजांत सापडतं, त्यामुळे नुसत्या आडनावावरून काही थांग लागत नाही. मालकही अडला. मग त्याने दुसरीकडून सुरुवात केली.

"गाव कोणतं जी?"

"कुहीकडलं," आई म्हणाली.

"शेतीवाडी?"

"हाये थोडी. धानाची."

यात खोटं काहीच नव्हतं. मालकाचा चेहरा मात्र एकदम खुलला. "अरे! मंग तं तुमी आमच्यातल्याच! माही सासुरवाडी तिकडलीच. हे आधी नाही का सांगाचं?" त्याने चहा मागवला आणि लगेच भाव सांगितला. वडिलांनी दिलेल्या पैशात मशीन बसून वर रिबिनीपुरते उरतील, असा. नेमका आकडा मी इथे सांगणार नाही. आधी तुमचं आडनाव सांगा.

आईने टेबलाखाली माझा पाय दाबला. म्हणजे गप बस, मशीन घे आणि चल. तिचं मला कळत होतं. फसवलं आम्ही नव्हतं, फसला तो होता. जन्मभर जातीपायी जास्तीचं मोजलेल्या बाईला एकदा कमी मोजायला मिळालं, तर तिने का सोडावं? पण 'आमच्यातल्या' हा शब्द काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरेना. आईवडिलांनी छप्पन साली याच नागपुरात दीक्षा घेतली, ती काही लपून बसायला नाही. कोणा दुसऱ्याची लेक म्हणून आणलेल्या मशीनवर मी मुलींना काय शिकवणार होते?

"आम्ही बौद्ध आहो," मी म्हटलं. "तुमच्यातल्या नाही. भाव तोच नं?"

मालकाने मशीनवरून उगाच फडकं फिरवलं. "भाव म्हंजे काय आहे ताई, हिचा रोलर नवा टाकला मी. ते ध्यानातच नाही राहिलं." आणि त्याने नवा आकडा सांगितला. तो आमच्या पैशांच्या पार पलीकडे होता.

मला वाटलं, आता आई माझ्यावर उखडणार. पण ती वळली मालकाकडे.

"मघा रोलर जुना होता का जी?"

कारकुनाला हसू आवरेना. मालक "तसं नाही बाई" म्हणाला, तर आई म्हणाली, "मंग कसं?"

मशीन चालवून दाखवायला तिच्यात कागद चढवलेलाच होता. मी उभ्याउभ्या टाइप केलं: किंमत, पुढे त्याने पहिल्यांदा सांगितलेला आकडा, आणि खाली 'सर्वांसाठी'. रफार आणि अनुस्वार दोन्ही जागच्या जागी बसले. मशीन खरंच चांगली होती. कागद काढला, मधोमध घडी घातली आणि मशीनवर उभा केला.

"हे तुम्हीच बोलले," मी म्हटलं. "या भाऊंनी ऐकलं आहे. बदलायचं असेल तर आमच्यासमोर फाडा."

त्याचा हात कागदाकडे गेलाही. तेवढ्यात कारकून म्हणाला, "राहू द्या नं जी. आमच्या वकीलसाहेबालेही एक इंग्रजी मशीन पाह्यजे. तिच्यावरही असाच कागद लावून द्या म्हणतो मी."

मालकाचं मन पालटलं वगैरे काही नाही. दुसरं गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि ते जायला नको होतं, एवढंच. त्याने आमचे पैसे मोजून घेतले आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"नाव काय टाकू?" मान वर न करता त्याने विचारलं.

आता माझी काहीच हरकत नव्हती. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. सावकाश, त्याला एकेक अक्षर नीट लिहिता येईल असं.

"गाव बी लिहा," आई मशीन उचलत म्हणाली. "जात बी लिहा. काय लिहाचं ते लिहा आता. भाव तं आधीच लिहून झाला."