लक्ष्मीचं कुंकू

हंसापुरीतल्या कोष्ट्यांच्या वस्तीत गोपिकाबाईंच्या महालक्ष्म्या नावाजलेल्या होत्या. नवरा देवराव मागावर लुगडी विणायचे, त्या सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. भाद्रपदात मात्र तीन दिवस माग थांबायचा. दोघी लक्ष्म्यांपुढे नैवेद्य ठेवला की गोपिकाबाई हात जोडून त्या वर्षी मिळालेलं एकेक मोठ्यानं सांगायच्या. पोरगा चालायला लागला. नवा माग आला. लुगड्याचा काठ साधला. जेवायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"तिनंच देलं, तिलेच काय सांगून राहिली वं?" देवराव म्हणायचे.

"घेणारी इसरली नाही, हे तिले कळू द्या."

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. आधी पोरगा गेला, त्याच्या मागोमाग देवराव. पहिलं वर्ष दुखवट्याचं, महालक्ष्म्या बसल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी कुहीहून दीर रामाजी आले आणि सरळ म्हणाले, "वहिनी, लक्ष्म्यांचे मुखवटे मले द्या. तुमच्या इथं आता कोन आहे?"

"मी आहो."

"तुमच्या हातचं कुंकू तिले चालते का?"

चालत नव्हतं. घराण्याची रीतच तशी होती. सवाष्णीनं लक्ष्मीला कुंकू लावायचं आणि तिनंच पहिल्या पानावर बसायचं.

"भरल्या घरात तिले बोलावलं," गोपिकाबाई म्हणाल्या, "आता दार लावलं तं कसं होईन?"

रामाजी उठले. "बघा यंदा. सवाष्ण नाही भेटली, तं मुखवटे मी नेतो."

शेजारची यमुताई दर वर्षी यायची. या वर्षीही येते म्हणाली होती. गोपिकाबाईंनी एकटीनं पुरण वाटलं, वडे तळले, सोळा भाज्या चिरल्या, आंबील शिजवली. लक्ष्म्यांना लुगडी नेसवली. त्यांच्यापुढे त्यांची दोन लाकडी बाळं ठेवायची असतात. त्यातलं एक हातात घेऊन त्या बराच वेळ तशाच बसल्या आणि चुलीवरची कढी उतू गेली.

दिवेलागणीला यमुताई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "काकू, सासू नाही म्हनते. घरात जावेले दिवस आहेत ना. राग नका मानू."

"आंबील तरी पिऊन जाय."

"उशीर होऊन राहिला वं."

ती गेली. गोपिकाबाईंनी चूल आवरली आणि मागच्या गल्लीत रंभाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. रंभाचा नवरा कलकत्त्याच्या गिरणीत गेला, त्याला कितीतरी वर्षं झाली. त्याचा निरोप नाही की खबर नाही. रंभा कपाळभर कुंकू लावायची, पण तिला ना कोणी सवाष्णीत धरायचं ना विधवांत. भरल्या घरात गोपिकाबाईंनीही तिला कधी बोलावलं नव्हतं.

"रंभे, चाल. लक्ष्मीले कुंकू लावाचं आहे."

"मले? यमुताई कुठं गेली?"

"नाही आली."

"म्हंजे कोनी नाही भेटलं, तं मी."

"हो," गोपिकाबाई म्हणाल्या.

रंभा हसली, पण जागची हलली नाही. "अन् तो तिकडे मेला असन तं? लक्ष्मी कोपन ना, बाई."

"कोपून माह्या घरातलं आता काय नेईन ते?"

रंभानं पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली. तिनं आधी थोरलीला कुंकू लावलं. धाकट्या लक्ष्मीचं कुंकू जरा तिरपं लागलं. मग पानावर बसून ती पोटभर जेवली. दोनदा कढी मागून घेतली. "वडा आतून कच्चा राह्यला वं," म्हणाली आणि तोही संपवला.

जेवण झालं तरी गोपिकाबाई हात जोडून नुसत्याच उभ्या होत्या.

"सांगा ना," रंभा म्हणाली. "दर वर्षी मले मागच्या गल्लीत आयकू येत होतं."

गोपिकाबाई लक्ष्म्यांकडे बघून म्हणाल्या, "पोरगा देला होता. नवरा देला होता." त्यांनी रंभाच्या पानाकडे पाहिलं. "यंदा पानावर बाई देली."

रंभा विडा घेऊन गेली. घर पुन्हा रिकामं, मोठं वाटू लागलं. धाकटीचं कुंकू सरळ करावं म्हणून गोपिकाबाईंचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. आपल्या हातचं तिला चालत नाही. त्यांनी रंभाचं उष्टं पान उचललं, जागा सारवली आणि त्याच जागी आपलं पान वाढून घेतलं.